लाटांच्या मागे भातखाचरे



समुद्र म्हटला की गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, पाय ओले करायचे आणि परतायचे, एवढीच आपली बहुतेकांची त्याच्याशी ओळख. इंडोनेशियातल्या बाली बेटावर मात्र जगभरची माणसे लाटेवर उभी राहायला येतात. माझा मुलगा सिंगापूरला नोकरीस असतो. तिथून बाली विमानाने अडीच तासांवर. शनिवार-रविवारची सुट्टी साधून तो आम्हा दोघांना घेऊन गेला.

शनिवारी सानूर, पूर्व किनाऱ्यावर. इथे समुद्रात प्रवाळाचा नैसर्गिक बांध आहे. मोठ्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतले पाणी सकाळी गावतळ्यासारखे शांत असते. म्हणून इथे पॅडलबोर्ड चालतो. म्हणजे दहा-अकरा फुटांची रुंद फळी आणि लांब दांड्याचे वल्हे. आधी गुडघ्यांवर बसायचे, तोल सापडला की एकेक पाय रोवून उठायचे. नजर पायाशी ठेवली की पडलातच. तिफण सरळ चालवायला समोरच्या बांधावर नजर लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला इथे फार शिकवावे लागत नाही. आमच्या सौभाग्यवती माझ्याआधी उभ्या राहिल्या, हेही नोंदवून ठेवतो.

रविवारी कुटा. हा पश्चिम किनारा, तळाशी वाळू, त्यामुळे नवख्याला सोयीचा. लाटेवरून घसरत येण्याच्या या खेळाला सर्फिंग म्हणतात. लाटा मात्र दुरून येतात. दक्षिणेकडे हिंदी महासागरात वादळे होतात, त्यांची ही उसळी. एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो लाटेला समोरून टेकू देतो आणि ती उशिरा फुटते. फळी दोरीने घोट्याला बांधतात. शिकवणाऱ्या पोराने एक गोष्ट आधी वाळूवरच घोकून घेतली: पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर तिच्याशी झुंजायचे नाही, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचे. कोकणात सहलीला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, आणि पोहता येत नसेल तर खोल जाऊच नये. मी चार वेळा पडलो, पाचव्यांदा क्षणभर उभा राहिलो.

हा पोरगा चांगू गावच्या शेतकऱ्याचा. मी कृषी खात्यातला म्हटल्यावर दुपारी त्याने आपले खाचर दाखवायला नेले.

बालीत एका पाटावरचे सगळे शेतकरी मिळून 'सुबक' चालवतात. पाणी कुणाला केव्हा, लावणी कधी, हे सभेत आणि पाण्याच्या देवळात ठरते. धुळे-नाशिककडची फड पद्धत पाहिलेल्यांना हे परके वाटणार नाही. भाताच्या देवीचे नावही देवी श्री! 1970 च्या दशकात सरकारने नव्या जाती आणल्या आणि जमेल तितक्या वेळा भात लावा, असा आग्रह धरला. पाळ्या मोडल्या, खाचरे एकाच वेळी रिकामी राहीनात, आणि तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातले. सगळ्यांनी एकदम लावणी आणि एकदम पड, ही जुनी रीत कीड आवरत होती, हे स्टीफन लान्सिंग या अमेरिकन संशोधकाने पुढे दाखवून दिले. आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने वाचावी अशी ही हकिकत आहे. 2012 साली युनेस्कोने सुबकला जागतिक वारशाचा मान दिला.

आता चांगूत खाचरांच्या मधेमधे पाहुण्यांचे बंगले उठलेत. परदेशी माणसाला तिथे जमीन मालकीने घेता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतात. एकरकमी मिळणारा पैसा भाताला कधीच मिळत नाही. कर्ज फिटते, मुले शिकतात; देणाऱ्याला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. पण मधले खाचर बुजले की पाट तुटतो आणि खालच्याचे पाणी जाते. त्याने कुणाला जमीन दिलेली नसते, तरी त्याचे शेत कोरडे.

पोराच्या वरच्या अंगाला दोन खाचरे उरली होती. त्यांतल्या एकात खांब रोवले होते. वडील जमीन द्यायला तयार नाहीत, असे तो म्हणाला. फळ्यांच्या भाड्यावर आणि शिकवणीवर घर चालते, भात खाण्यापुरता होतो. मग तो खाली उतरला, पाटात अडकलेली सिमेंटची रिकामी पिशवी ओढून काढली आणि पाणी सुटते का ते पाहत उभा राहिला.