पाट्या वाचत पेरण्यापर्यंत

आळंदीहून मोटारसायकलने मरकळ रस्त्याला लागले, की गावांच्या पाट्या वाचण्यासारख्या आहेत. चऱ्होली खुर्द अलीकडे, तर चऱ्होली बुद्रुक इंद्रायणीपलीकडे. हे शब्द फारसीतले. बुजुर्ग म्हणजे थोरला, त्याचे झाले बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटा. एका नावाची दोन गावे ओळखू यावीत, एवढाच हेतू.

पुढे धानोरे, सोळू, मरकळ. नदी ओलांडली की तुळापूर. याचे जुने नाव नागरगाव. शहाजीराजांच्या काळी येथे हत्तीची तुला झाली म्हणून तुळापूर, असे सांगतात. तेथून लोणीकंदमार्गे पेरणे. क्रियापदच गावाचे नाव! येथील जयस्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी भेट दिली आणि विसरलेला इतिहास समाजाच्या मनात पुन्हा पेरला.

वेशीवरची पाटी थोरले-धाकटे सांगते. वेशीच्या आतली नावे मात्र उच्च-नीच सांगत. महारवाडा, मांगवाडा असा पत्ता दिला, की माणसाआधी त्याची जात पोहोचे. वस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला.

बंधू-भगिनींनो, गावी जाल तेव्हा कमानीवरचे नाव वाचून थांबू नका. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आपल्या वस्तीचे नाव काय लिहिले आहे, तेही पाहा. जुनेच असेल तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जय भीम!