तोडलेला ऊस थांबत नाही

गेल्या मार्चात घनसावंगीतला आमचा ऊस तोडून चार दिवस फडातच पडला. टोळी पुढं गेली, गाडी येईना. फजरची नमाज झाली की भाईजान थेट फडात.

दहावीला आम्ही अभिक्रियेचा दर शिकवतो, उर्दूत तीच शरह. इथं तो धडा डोळ्यांसमोर पडला होता. तोडलेल्या उसात इन्व्हर्टेज नावाचं विकर साखर फोडतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज उरतात, त्यांचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत. ऊन तापलं की वेग वाढतो. १८५० मध्ये जर्मनीत विल्हेल्मी यांनी हीच अभिक्रिया आम्लात घडवून तिचा वेग मोजला आणि गणितात बसवला. आम्लात साखर झपाट्यानं फुटते, म्हणून तर गुऱ्हाळात रसाला चुना लावतात.

"फुटलेली साखर परत जुळत नाही का, मास्तर?" भाईजानने विचारलं.

जुळते, पण नावापुरती. मुलांना वाटतं समतोल म्हणजे निम्मं-निम्मं. तसं नसतं; जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखा झाला की समतोल. इथं तो जवळजवळ सगळी साखर फुटल्यावरच येतो.

"मग करायचं काय?"

वेग तेवढा कमी करता येतो. आम्ही सगळ्यांनी मिळून मोळ्यांवर पाचट पसरलं, वर पाणी शिंपडलं. भाभी दुपारीही घागर घेऊन आल्या.

पाचव्या दिवशी गाडी आली. काट्याची पावती भाईजानने घडी करून खिशात ठेवली, आम्हाला दाखवली नाही.