मॅकिनॉच्या पुलावरून बोट नेताना

ऑगस्ट लागला की डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना उत्तरेकडची ओढ लागते, आणि दारात बोट उभी असेल तर विचारायलाच नको. मिशिगनमध्ये लहानमोठी ११ हजारांहून जास्त तळी आहेत, शिवाय आजूबाजूला समुद्रासारखी पसरलेली महासरोवरं. पण बोट असते घराशेजारी आणि पाणी असतं दूर. म्हणजे पाण्यावर जाण्याआधी बोटीला रस्त्यावरून जावं लागतं आणि तिचे खरे हाल तिथेच होतात.

माझा आतेभाऊ नोवायला राहतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. त्याच्या १९ फुटी फायबरच्या बोटीला घेऊन ह्यूरॉन सरोवरातल्या ले शनो बेटांपर्यंत जायचं ठरलं. अंतर सुमारे ३०० मैल. निघायच्या आदल्या संध्याकाळी दादा बोट धूत होता. मी म्हटलं, उद्या पाण्यातच घालायची आहे, मग आज अंघोळ कशाला? तो म्हणाला, "अरे, कव्हराखाली धूळ राहिली की वाऱ्याने कापड हलतं आणि ती धूळ पॉलिशपेपरसारखी घासते. बोट धुवायची, वाळवायची, मगच कव्हर."

मग बांधाबांध सुरू झाली. बसायच्या गाद्या, लाइफ जॅकेटं, दोऱ्यांची वेटोळी असं उडेल ते सगळं काढून गाडीच्या डिकीत गेलं. सावलीसाठीचं छत नुसतं मिटवून भागलं नाही. त्याची नळ्यांची चौकट खाली पाडून पिशवीत घातली. मधल्या भागात कव्हर खाली बसू नये म्हणून टेकू लावले, कारण खळगा राहिला तर पावसाचं पाणी साचतं आणि पाण्याचं वजन शिवणी फाडतं. वहिनींनी जुनी सोलापुरी चादर कापून तिचे तुकडे करून ठेवले होते. काचेचे दोन्ही कोपरे, कठड्याचे टोकदार भाग, दोर बांधायच्या खुंट्या, जिथे जिथे कापडाला टोचेल तिथे दादाने ते तुकडे दुमडून बसवले. कव्हर आतून तिथेच आधी फाटतं. सोलापूरच्या चादरीचा असा उपयोग विणकरांच्या स्वप्नातही नसेल.

कव्हर चढवल्यावर त्याने पोटाखालून पट्टे घेतले. इथे एक बारीक गोष्ट बघायला मिळाली. सपाट पट्टा सरळ ताणून न बांधता त्याने प्रत्येकाला एक पीळ दिला. सपाट पट्ट्यावरून वारा वाहिला की तो फडफडतो, घूं घूं आवाज करतो आणि मैलोगणती थरथरत राहून बोटीची कड घासतो. पीळ दिला की ती लय मोडते. पट्ट्यांची उरलेली शेपटंही मोकळी सोडली नाहीत, गुंडाळून गाठ मारली.

आमच्या हर्णै-दाभोळकडे जूनच्या आधी होड्या शाकारतात. किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी, ताडपत्रीने झाकतात, आणि मासेमारीची बंदी उठेपर्यंत त्या तशाच उभ्या असतात. पावसापासून राखण एवढंच तिथे झाकण्याचं काम. मिशिगनच्या हायवेवर पाऊस दुय्यम आहे. ताशी ६० मैलांनी जाताना उघड्या आकाशाखालीसुद्धा बोट कायम वादळात असते. म्हणूनच जागेवर उभ्या बोटीचं, बटणांनी लागणारं कव्हर वेगळं आणि प्रवासाचं वेगळं. पहिल्याला हायवेवर नेलं तर बटणं एकेक करून उपटून निघतात.

पहाटे निघालो. पुढची चेन, विंचचा पट्टा, मागच्या टोकाचे दोन पट्टे, कपलरखाली फुलीसारख्या घातलेल्या सेफ्टी चेन, दिवे, सगळं तपासून. पंधरा-वीस मिनिटांतच दादाने गाडी बाजूला घेतली. कापड आणि पट्टे सुरुवातीच्या धक्क्यांनी बसतात आणि सैल पडतात, तेव्हा पहिली तपासणी लवकरच करायची. पट्टे आणखी ताणले, मग खाली वाकून ट्रेलरच्या चाकांच्या मध्यावर पंजा टेकवला. तिथे हात टेकवत नसेल इतकं गरम लागलं तर आतल्या बेअरिंगचं ग्रीस संपत आलं असं समजायचं. पुढच्या प्रत्येक थांब्यावर तो हेच करत होता.

फ्लिंटला आय-७५ लागला. सॅगिनॉच्या पुढे झिलवॉकीचा उंच पूल आहे. तिथे आडवा वारा पहिल्यांदा ट्रेलरला ढोसतो आणि तो गाडीतही जाणवतो. त्यानंतर रस्ता कंटाळवाणा. दोन्हीकडे पाइन, मध्येच गेलॉर्डच्या जवळ ४५व्या अक्षांशाची पाटी. विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मध्यावर आलो, एवढं ती सांगते.

गेलॉर्डच्या आधीच, ग्रेलिंगच्या अलीकडे, विश्रांतीच्या जागी आमच्या शेजारी एक बोट येऊन थांबली. तिच्यावर निळी ताडपत्री होती, म्हणजे निघताना असावी. आता तिच्या चिंध्या दोरीच्या गाठींना लोंबत होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं. दोरीचं मोकळं टोक जिथे आपटत होतं, तिथे बोटीच्या चकचकीत अंगावर तळहाताएवढा खडूसारखा पांढरट डाग पडला होता. बोट फिरवलं तर भुकटी बोटाला लागली. काचेच्या कोपऱ्याजवळ दुसरा डाग, लांबट. मालक म्हातारा होता, फार बोलला नाही. खिशातून चाकू काढून त्याने उरलेली ताडपत्री कापून टाकली आणि उघडी बोट घेऊन पुढे गेला. त्याने शहाणपणाच केला. सैल कव्हरापेक्षा उघडी बोट बरी, कारण उघड्या बोटीला लागेल ती धूळ, आणि धूळ धुवून निघते.

दुपारी मॅकिनॉ सिटी. इथे मिशिगन आणि ह्यूरॉन ही दोन सरोवरं मिळतात आणि त्यांच्यावरून ५ मैलांचा झुलता पूल पलीकडच्या किनाऱ्याला जातो. १ नोव्हेंबर १९५७ला तो वाहतुकीला खुला झाला. डेव्हिड स्टाइनमन या अभियंत्याने तो आखला तेव्हा टॅकोमाच्या पुलाची आठवण ताजी होती. वॉशिंग्टन राज्यातला तो पूल १९४०च्या नोव्हेंबरमध्ये, उघडून जेमतेम चार महिने झाले असताना, वाऱ्याने हेलकावे खात कोसळला. त्यामुळे मॅकिनॉच्या पुलावर आतल्या मार्गिकांत डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. वारा तिच्यातून वर निघून जातो, रस्ता उचलला जात नाही. खिडकीतून पाहिलं तर जाळीखाली सुमारे २०० फुटांवर पाणी दिसतं, आणि चाकं त्यावरून जाताना गुणगुणतात. ट्रेलर असेल तर बाहेरची डांबरी मार्गिका धरावी, असं दादाचं मत. मलाही ते पटलं, कारण खाली बघायचं धाडस संपलं होतं.

पुलावरच्या पाटीवर वाऱ्याचा इशारा होता. वारा ताशी २० मैलांच्या वर गेला की वेग २० मैलांवर आणायला सांगतात. जोर आणखी वाढला तर ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना सोबतीची गाडी देऊन पलीकडे नेतात, आणि फारच झालं तर पूल बंद. आम्ही हळूहळू निघालो. आरशातून मी सारखा मागे बघत होतो. वाऱ्यासाठी पुलाने वाट मोकळी ठेवली होती आणि आमच्या कव्हराने ती पुढच्या टोकालाच बंद केली होती. कापड ताणलेलं, एकही फुगा नाही. पुढची शिवण एकदा उघडली असती तर सगळं कापड पालासारखं फुगलं असतं, आणि मग २० मैलांचा वेगही पुरला नसता.

पलीकडे सेंट इग्नेस, तिथून थोडं उत्तरेला आणि एम-१३४ने पूर्वेला हेसल. ऑगस्टमध्ये इथे जुन्या लाकडी बोटींचं प्रदर्शन भरतं. ॲल्गोनॅकला सुरू झालेल्या क्रिस-क्राफ्ट कंपनीच्या महॉगनीच्या बोटी इथे बघाव्यात. मूळची मिशिगनचीच कंपनी, आणि लाकूड असं की त्यात तोंड दिसावं.

धक्क्यावर कव्हर उतरवलं. चादरीच्या तुकड्यांवर काचेच्या कोपऱ्यांचे ठसे उमटले होते, बोटीवर एकही नाही. दादाने ट्रेलरच्या दिव्यांची वायर सोडवली आणि तळाचं बूच घट्ट बसवलं. मिशिगनमध्ये २०१९पासून रस्त्यावरून बोट नेताना बूच काढून पाणी पूर्ण ओतून टाकणं कायद्याने सक्तीचं आहे. १९८८मध्ये सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपले सापडले. असे जीव बोटींतल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात, म्हणून हा नियम. आणि बूच लावायचं विसरून बोट पाण्यात सोडणारे दर उन्हाळ्यात निघतातच.

तुम्ही असं कव्हर घ्यायला जाल तर रंग आणि किंमत नंतर बघा. ते ट्रेलरवर वाहून न्यायला चालतं असं पाकिटावर स्पष्ट लिहिलं आहे का आणि तुमच्या बोटीच्या मापाचं आहे का, हे आधी बघा. नसेल तर ते घरी वापरा, आणि हायवेवर बोट उघडीच न्या.