ओल धरते ती जमीन

मातीवरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद करताना ‘रिटेंटिव्ह सॉइल’पाशी अडलो आणि आठवडा तिथेच गेला. चाळीस वर्षं मी हेच काम करतो. या शब्दासाठी दर वेळी ‘धारणशील’ लिहून पुढे जात आलो. यंदा नजर अधू झाली, म्हणून खर्डा वाचून दाखवायला एक मुलगी येते. एम.ए. करते, गाव कृष्णाकाठचं. ‘धारणशील’वर ती थांबली. म्हणाली, “सर, जमीन ओल धरते की पाणी धरून बसते? ओल धरते ती चांगली. पाणी धरून बसली की चिबड झाली.”

मूळ वाक्यात याचं उत्तर नव्हतंच. आत गेलेलं सहजी सुटत नाही, इतकंच तो इंग्रजी शब्द सांगतो. ते बरं की वाईट, हे मराठीला आधी ठरवावं लागतं. उसाला पाणी देऊन देऊन चिबड झालेली रानं आमच्या भागात ज्यानं पाहिली आहेत, त्याला हा फरक समजवावा लागत नाही. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून मिरज रुग्णांचं गाव. दवाखान्यांची माहितीपत्रकंही मी केली. तिथे ‘रिटेन्शन’ म्हणजे लघवी तुंबणं. ओल धरणं, पाणी साचणं, लघवी तुंबणं: इंग्रजीत एक, आपल्याकडे तीन क्रियापदं.

शब्दाचं मूळ मला पाठ होतं. लॅटिन ‘टेनेरे’ म्हणजे धरणे; आधी ‘रे’ लागून ‘रेटिनेरे’, धरून ठेवणे; तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत. गेलनच्या वैद्यकात शरीराच्या चार शक्ती मानत: ओढून घेणारी, धरून ठेवणारी, पचवणारी, बाहेर टाकणारी. त्यातली दुसरी ती हीच. ‘टेनेरे’ आणि संस्कृत ‘तन्’, म्हणजे ताणणे, हे एकाच मुळाचे मानले जातात. म्हणजे आपला तंतू, आपली तान या शब्दाच्या सख्ख्या नात्यातली. चर्चमधल्या जुन्या समूहगायनात मूळ चाल धरून ठेवणारा तो ‘टेनर’, तोही याच घरचा. हे समजलं त्या दिवशी मी मुद्दाम सतारमेकर गल्लीत जाऊन बसलो. कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता. घोडीवर तारेखाली सूत केसभर सरकवायचा, तार छेडायचा, ऐकत राहायचा. तार विझत आली तरी सूर मागे रेंगाळत होता. त्याला ते ‘आस’ म्हणतात. तुंबणं नाही, साचणं नाही. सुटत जातानाही टिकणं. हा चौथा अर्थ माझ्या ‘धारणशील’मध्ये कुठे होता?

नव्या अनुवादकांवर माझा राग आहे. संस्कृतातून शब्द पाडायचा, शेवटी ‘क्षम’ किंवा ‘शील’ जोडायचं, की काम झालं. वाचणाऱ्याच्या तोंडी तो कधी बसेल का, हे कुणी तपासत नाही. पण ही वाट त्यांच्याआधी मीच तुडवली. ‘धारणशील’ छापून आला तेव्हा मी तो चारचौघांत मिरवला होता. मोल्सवर्थच्या कोशाची पानं मुखोद्गत असल्याचा मला तेव्हा अभिमान होता. त्याच कोशातलं साधं ‘धरणे’ मात्र मला विद्वत्तेला शोभेसं वाटलं नव्हतं. मूल बाळसं धरतं, जखम खपली धरते, झाड फळ धरतं, माणूस अबोला धरतो. एवढं सगळं हाताशी असताना मी विशेषण घडवत बसलो.

आता स्मरणशक्तीचं काय करायचं? ‘रिटेंटिव्ह मेमरी’ला अमरकोशातली ‘मेधा’ जवळची, धारण करणारी बुद्धी. पण आज मेधावी म्हटलं की नुसतं हुशार. शाळेत मला एकपाठी म्हणत. ते तर एकदा ऐकून घेण्याचं कौतुक, टिकवण्याचं नव्हे. आणि बोलताना आपण म्हणतो, “माझ्या ध्यानात राहतं.” इंग्रजीत मन गोष्टीला धरून ठेवतं. मराठीत गोष्ट आपल्या मर्जीनं राहते, आपण नुसती जागा. हे कसं भाषांतरित करायचं ते मला जमलेलं नाही.

तिची सूचना ऐकल्यावर मी ‘ओल धरणारी’ लिहिलं, पण लगेच ते खोडून पुन्हा ‘धारणशील’ केलं. रात्री उठून ते काट मारून दुरुस्त केलं, आणि सकाळी तिला ते माझंच सुचलेलं म्हणून दाखवलं. ती काही बोलली नाही. पुढचं पान उघडून वाचू लागली.