उंटवाल्यांच्या वाटेवर

'कारवाँ' हा मूळचा फारसी शब्द. उर्दूच्या तासाला आपण मुलांना त्याचा अर्थ सांगतो : एकत्र प्रवास करणाऱ्यांचा तांडा, काफिला. हाच शब्द युरोपातून फिरत फिरत ऑस्ट्रेलियात पोचला आणि तिथे त्याचा अर्थ झाला मोटारीच्या मागे जोडलेले चाकांवरचे घर. त्यात झोपायला बाके, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, लहानसा फ्रीज. असे घर मागे लावून लोक देशाच्या आतल्या ओसाड मुलखात सुट्टी घालवायला जातात. त्या मुलखाला ते 'आउटबॅक' म्हणतात. पण चाकांच्या कारवाँच्या कितीतरी आधी या मुलखात उंटांचे कारवाँ चालत होते आणि ते हाकणारे बहुतेक सगळे मुसलमान होते. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे शिक्षक दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरी गेलो. बी.एड.ला आमच्याबरोबर असलेला एक मित्र तिथे वीस वर्षांपासून राहतो. दोन वर्षे पैसे साठवून हा योग आला. बोलावण्यामागे गाठभेट होतीच, पण एक कामही होते. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी त्याचे वडिलोपार्जित घर आहे. अब्बा-अम्मी गेल्यापासून ते बंद आहे आणि दर पावसाळ्यात कौले सरकतात. ते विकावे आणि त्यासाठी आमच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावे, असे त्याने ठरवले होते. आमचे मन त्याला तयार नव्हते. "आधी आठवडाभर कारवाँ घेऊन फिरू, मग बोलू," असे तो म्हणाला. त्याचा चौदा वर्षांचा मुलगाही शाळेची परवानगी काढून बरोबर आला.

निघण्याआधी मित्राने आम्हाला लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरच्या मशिदीत नेले. अरुंद गल्लीत निळसर दगडाची साधी इमारत. ती १८८८-८९ साली उंटवाल्यांच्या पैशांतून उभी राहिली. चार मिनार १९०३ मध्ये आले. ऑस्ट्रेलियाच्या शहरांत टिकून राहिलेली ही सर्वांत जुनी मशीद. शेजारच्या लहान घरांत थकलेले उंटवाले येऊन राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्नियातून आलेले तरुण मुसलमान या मशिदीत पोचले, तेव्हा त्यांना इथे पागोटी बांधलेले मोजकेच अतिवृद्ध लोक भेटले. त्या म्हाताऱ्यांनंतर मशिदीला कुलूप लागायचे ते या तरुणांमुळे टळले.

हे उंटवाले आले कुठून? १८६० साली मेलबर्नहून बर्क आणि विल्स यांची मोहीम देशाच्या आतला भाग पाहायला निघाली. तिच्यासाठी हिंदुस्थानात चोवीस उंट खरेदी करून कराचीहून जहाजाने आणले होते आणि त्यांच्याबरोबर ते सांभाळणारी माणसेही. पुढे १८६६ मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने शंभराहून जास्त उंट आणि एकतीस माणसे पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरवली. त्यानंतर पन्नासएक वर्षांत अशी दोन हजारांच्या वर माणसे आली. कोणी अफगाणिस्तानचे, कोणी बलुचिस्तानचे, कोणी पेशावर, पंजाब, सिंध, काश्मीरचे. गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिले : 'अफगाण', आणि त्याचे तोडून 'घान'.

घोडा आणि बैल जिथे पाण्यावाचून कोसळत, तिथे उंट चालत राही. तगडा उंट चार-पाचशे किलो ओझे नेई. पीठ, साखर, चहा, खाणींची यंत्रे आत जात आणि मेंढ्यांची लोकर बाहेर येई. १८७० ते १८७२ या काळात ॲडलेडपासून डार्विनपर्यंत तारेची लाइन टाकली गेली, तिचे सामानही उंटांनी वाहिले. पुढे रेल्वेच्या कामाचे सामानही याच पाठींवरून गेले.

पहाटे फज्र पढून आम्ही उत्तरेकडे निघालो. मारी या गावापर्यंत सातशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. पोर्ट ऑगस्टा मागे पडले, फ्लिंडर्स डोंगरांच्या जांभळट रांगा उजवीकडे आल्या आणि हळूहळू झाडे कमी होत गेली. मोबाइलची रेंज तासन् तास नाही. समोरून 'रोड ट्रेन' येते, म्हणजे एका इंजिनामागे तीन-चार लांब डबे लावलेला पन्नास मीटरहून लांब ट्रक. तो दिसला की मित्र गाडी कडेला घेई. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्काम करायचा हा नियम. हलाल मटण ॲडलेडहूनच बर्फात घालून घेतले होते. मसाला आमच्या घरचा. तो विमानतळावर जाहीर करून, उघडून दाखवावा लागला होता. कारवाँच्या शेगडीवर डाळभात आणि मटणाचा रस्सा शिजला की मुक्कामातले शेजारी वासाने चौकशीला येत.

दिशांची एक मौज सांगायला हवी. तिथे दुपारी सूर्य उत्तरेच्या आकाशात असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पहिले दोन दिवस आमचा अंदाज चुके. पण किब्ला पाहिला तर पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, जवळजवळ कोकणात असतो त्याच दिशेला! मुसाफिरीमुळे नमाज कस्र करत होतो. लाल मातीवर चटई अंथरून चौघे उभे राहिलो की घरचे अंगण आठवे.

मारीच्या पन्नासएक किलोमीटर अलीकडे फरीना नावाचे उजाड गाव आहे. फरीना म्हणजे पीठ. १८७० च्या दशकात चांगल्या पावसाची काही वर्षे लागली. लोकांना वाटले, आता इथे गहूच गहू पिकणार. पण पुढे दुष्काळ पडत गेले आणि गाव उठले. आता दगडी भिंती उभ्या आहेत, छपरे नाहीत. इथल्या कबरस्तानातही मुसलमानांचा वेगळा भाग आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारीला पोचलो. वस्ती शंभराच्या आसपास. एक मोठे दुमजली दगडी हॉटेल, जुने रेल्वे स्टेशन, रुळांवर गंजत उभी असलेली इंजिने. एकेकाळी या गावाचे रुळांनी दोन भाग केले होते. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि इथले मूळचे आदिवासी. ऑस्ट्रेलियातली पहिली मशीद याच गावात १८८० च्या दशकात बांधली गेली, असे मानतात. ती मातीची होती, काळाच्या ओघात पडली. आज जी दिसते ती तिची प्रतिकृती : मातीच्या भिंती, काटक्यांचे छप्पर आणि पुढे वजूसाठी छोटे हौद. आपल्या गावातल्या पडवीएवढीच जागा. आम्ही तिथे जुहर पढलो.

मारीच्या उंटवाल्यांत बेजाह दरवेश हे बलुच गृहस्थ नावाजलेले. १८९६ च्या वाळवंटातल्या एका कठीण मोहिमेत त्यांनी उंट सांभाळले. मोहिमेचा प्रमुख वेल्स याने कदर म्हणून आपले होकायंत्र त्यांना भेट दिले. म्हातारपणी त्यांनी मारीत खजुराची झाडे जोपासली. १९५७ साली ते वारले.

पण सगळ्यांच्या वाट्याला अशी कदर आली नाही. बायकामुलांना आणण्याची परवानगी बहुतेकांना नव्हती. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येणेच अवघड करून टाकले. एकदा घरी गेले तर परत येऊ देतील की नाही, ही धास्ती. नागरिकत्वाचे अर्ज नाकारले जात. अनेकांनी इथल्या आदिवासी स्त्रियांशी, काहींनी गोऱ्या स्त्रियांशी लग्ने केली. १९२० नंतर मोटारी आल्या आणि उंटांचे काम संपले. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात मोकाट उंट मारण्याचा कायदा झाला. पोरासारखे वाढवलेले जनावर मारायला हात धजावेना, म्हणून कित्येकांनी ते रानात सोडून दिले. आजचे रानटी उंट त्यांचेच वंशज. १९२९ साली रेल्वे ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत पोचली. जिने त्यांची रोजी घेतली, त्या गाडीला पुढे त्यांचेच नाव चिकटले : 'द घान'. ती अजूनही धावते आणि तिच्या डब्यांवर उंटस्वाराचे चित्र असते. आता ती मारीवरून मात्र जात नाही.

संध्याकाळी कबरस्तानात गेलो. इथेही गोरे, उंटवाले आणि आदिवासी यांचे भाग वेगळे. बऱ्याच कबरींवर नुसते दगड. सलाम केला, फातिहा पढली. मित्राचा मुलगा कबरींमधून फिरत राहिला. मग बापाला म्हणाला, "यांच्या घरच्यांना कळलं असेल का?" मराठी त्याला समजते, बोलताना अडखळतो. हे वाक्य मात्र तो सबंध बोलला. मित्र काही बोलला नाही.

रात्री कारवाँत चहा घेताना घराचा विषय निघाला. मित्र म्हणाला, "तुम्ही म्हणाल, विकू नकोस. पण बंद घर ठेवून काय करू? वर्षाला डागडुजीचा खर्च, राहायला कोणी नाही."

आम्ही म्हटले, "खर्चाचं खरं आहे. पण या माणसांना परतायला वाट नव्हती. कायदा आडवा होता. तुला विमानाचं तिकीट काढलं की झालं."

"तिकीट काढून जाईन, पण हा येईल का? याच्या मुलांचं काय?"

हा प्रश्न खोटा नव्हता. इथल्या उंटवाल्यांचे नातू-पणतू आजही आहेत. कोणाचे आडनाव खान, कोणाचे महोमेत. कितीजण आपले आजोबा कोण, हे अभिमानाने सांगतात. नाव राहिले, कबरी राहिल्या, पण आजोबांची पश्तो-बलुची बहुतेकांकडे उरली नाही. आम्ही दोघेही भाषा शिकवणारे. घराच्या कौलांपेक्षा ही गळती आम्हाला मोठी वाटली आणि आम्ही तसे बोललो. "घराचं तू बघ. पण डिसेंबरात याच्या शाळेला लांब सुट्टी असते ना? या वेळी याला आमच्याकडे पाठव. दादा-दादीच्या कबरी कुठल्या आणि घराचं दार कुठल्या बाजूला, हे तरी याला कळू दे. विकायचं की ठेवायचं, त्यानंतर ठरव."

मित्राने मुलाकडे पाहिले. तो मोबाइलवर डिसेंबरात कोकणात पाऊस असतो का ते शोधत होता, पण रेंज नव्हती. "नसतो," आम्ही सांगितले. "कलमांना मोहोर येऊ लागतो."

दुसऱ्या दिवशी ऊदनादत्ताच्या कच्च्या रस्त्याने काटी थंडा, म्हणजे लेक एअर, पाहायला गेलो. समुद्रसपाटीहूनही खोल असलेले मिठाचे पांढरे मैदान, बहुतेक वर्षे कोरडे. जुन्या रेल्वेचे पूल वाटेत एकटेच उभे आहेत. पाऊस पडला की हा रस्ता बंद करतात, म्हणून ढग दिसताच परतलो.

मुखत्यारपत्राचा मसुदा आमच्या पिशवीत सहीविना परत आला आहे. घराचे काय होईल, अल्लाह जाणे. मुलाचे डिसेंबरचे तिकीट मात्र निघाले आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले, भाऊ, भाचे आज ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांच्याकडे कधी जाणे झाले तर समुद्रकिनारे आणि मॉल जरूर पाहा. पण ॲडलेडला एक वक्ताची नमाज लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवर पढा. सवड आणि सोबत असेल तर मारीपर्यंत जा. पाणी भरपूर घ्या, मुक्काम दिवसाउजेडी करा, रस्ता खुला आहे का ते आधी विचारा. आणि त्या नाव नसलेल्या कबरींपाशी थोडे थांबा. त्यांच्या घरचे तिथवर कधी पोचू शकले नाहीत. त्यांच्या मगफिरतीची दुआ आपण केली, तर ती त्यांचा हक्कच आहे.