कोनची खाडी

खाडीला भेटायला जायचं तर आधी तिथी बघावी. घड्याळ तिथं कामाचं नाही. आज पाणी ज्या वेळी पायरीला लागलं, त्याहून उद्या ते पाऊण तास उशिरा लागणार आणि परवा आणखी पाऊण तास. कोकणातल्या जुन्या माणसांना पाऊणकी पाठ असायची, ती भरतीसाठीही उपयोगी पडे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब समुद्रकाठचा आहे. कोनला पाणी त्याच्या बऱ्याच मागाहून पोचतं. वसईच्या तोंडातून आत शिरायचं, साष्टी बेटाच्या उत्तर अंगाने घोडबंदर, गायमुख करत यायचं, कोलशेत आणि काल्हेरच्या मधून निघून मुंब्र्याचा डोंगर बघायचा, डोंबिवलीचं मोठागाव मागे टाकायचं आणि मग कुठे दुर्गाडीची टेकडी दिसते. एवढी वाट भरती दिवसातून दोनदा चालून येते.

कोन हे भिवंडी तालुक्यातलं गाव, कल्याणच्या अगदी समोर. मध्ये दुर्गाडीचा पूल. राजनोली नाक्यावरून आलेले ट्रक, टेम्पो, रिक्षा कोनच्या रस्त्यावर अडकून असतात आणि पुलावर आल्यावर मोकळा श्वास घेतात. त्या पुलावरून रोज हजारो माणसं जातात, पण गाडीच्या काचेतून खाडी नुसती चकाकते. ती नीट बघायची तर पुलाच्या अलीकडे, कोनच्या बाजूला उतरावं लागतं. कल्याणच्या काठावर उभं राहिलं की आपण बंदरात असतो आणि बंदर दिसत नाही. कोनच्या काठावरून मात्र सगळं समोर येतं: टेकडी, तिच्यावर दुर्गादेवीचं देऊळ, बुरुजाचे राहिलेले दगड, खाली वळण घेतलेलं पाणी. इथे बंदर का झालं, हे त्या वळणाकडे बघितल्यावर कुणी सांगावं लागत नाही.

मी गेलो ते कार्तिकी अमावास्येला, सकाळी आठच्या सुमारास. ओहोटी तळाला गेली होती. काठापासून पाण्यापर्यंत काळाभोर चिखल आणि त्यावर निवटे. बोटाएवढे मासे, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेटा देत चालणारे. एक माझ्या पायापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. त्याने गालात पाणी धरून ठेवलं होतं. मान असल्यासारखं अंग वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टुणकन बिळात गेला. त्या बिळाच्या तोंडाशी चिखलाची इवलीशी वाटोळी भिंत होती. आज पाणी कुठपर्यंत चढणार, हे त्याला पंचांग न बघता कळतं.

खाडीचा स्वभाव दोन घरच्या मुलीसारखा आहे. पावसाळ्यात ती माहेरची. लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरातून उतरलेली उल्हास नदी तिला पूर्ण व्यापते, पाणी तांबडं आणि गोडं होतं, भरतीलाही ते ओढता येत नाही. पाऊस सरला की ती हळूहळू समुद्राची होत जाते. मार्गशीर्ष, पौष, माघ असं करत खारटपणा वर वर सरकतो, वैशाखात तो पुरता मुरतो. काठाच्या तिवरांना हे अंगवळणी पडलेलं आहे. ज्यांना सोसलं नाही ती झाडं कधीच गेली. आणखी एक सवय: ती चढते झपाट्याने आणि उतरते सावकाश. भरती आली की बघता बघता पायरी बुडते, ओहोटी मात्र पाय निघत नसलेल्या पाहुण्यासारखी रेंगाळत जाते.

तिचे पाहुणे मोठे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक जाणकाराने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, तिच्यात कल्याणचं नाव आहे, ‘कल्लिएना’. तिथे तो असंही लिहितो, की सत्ता पालटल्यामुळे या बंदराला लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणजे त्या काळीही या पाण्यावर जकातीचं राजकारण चालत होतं. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मास इथल्या पितळेचा आणि कापडाचा उल्लेख करतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे लोक आहेत. घाटमाथ्यावरचा माल नाणेघाटाने उतरायचा आणि या वळणावर येऊन जहाजावर चढायचा. लेणी, घाट आणि बाजार या सगळ्यांना बांधून ठेवणारी गाठ म्हणजे हे पाणी. इतिहासाची पुस्तकं राजांवर थांबतात; मला वाटतं, त्यांनी या खाडीच्या वळणावर आणखी एक पान खर्च करायला हवं होतं.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि समोरच्या टेकडीवर दुर्गाडी किल्ला उभा राहू लागला. त्याच्या पायथ्याशी मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. रुय लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज कारागिराला आणि त्याच्या माणसांना त्या कामावर ठेवलं होतं. १६५९ मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कान भरले आणि ती मंडळी काम टाकून निघून गेली. बांधणी मात्र थांबली नाही. इथल्याच माणसांनी सागवान तासलं आणि जहाजं पाण्यात सोडली. ती सोडताना त्यांनी उधाणाचीच वाट बघितली असणार, कारण खाडीत जड बोट लोटायची तर दुसरा मुहूर्त नसतो. आज सेवेतून निवृत्त झालेली ‘आयएनएस टी-८०’ ही नौदलाची छोटी युद्धनौका दुर्गाडीजवळ आणून ठेवली आहे. मुलं ती बघायला येतात. आरमाराचं जन्मगाव शोधत एक जहाज परत आलं, याचा मला मनापासून आनंद होतो.

१ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला पोचली. त्यानंतर माल रुळांवर गेला. खाडीला हे कुणी कळवलं नाही. ती आपली येतच राहिली.

मग रेतीचे दिवस आले. ओहोटीला होड्या मधल्या उथळ जागी उभ्या करायच्या, तळाला बांबू रोवायचा, त्याला धरून खाली बुडी मारायची आणि बादलीत रेती भरून वर यायचं. याला डुबी म्हणत. पाण्याखाली श्वास धरून काम करणारे आगरी-कोळी बाप्ये, कानांत पाणी, डोळे लाल. मुंबई, ठाणे, डोंबिवलीच्या किती इमारतींत त्यांचा श्वास कालवला गेला असेल. पुढे सक्शन पंप आले आणि खाडीचा तळ माणसाच्या हातातून सुटला. काठ ढासळू लागले. अंबरनाथ, उल्हासनगरकडून येणारी वालधुनी जे रसायन आणते, तेही इथंच ओतलं जातं. खाडीच्या पाण्यात पाग टाकणारे आज थोडे उरलेत, तेही जिताड्याची गोष्ट सांगताना भूतकाळात बोलतात. यात तिचा एक दोष मला दिसत नाही. दिलं ते तिने घेतलं आणि सहा तासांनी पुढे नेलं, एवढंच ती जाणते.

२०१६ च्या कायद्यात या पाण्याला राष्ट्रीय जलमार्ग म्हणून क्रमांक मिळाला, ५३. कल्याणहून ठाणे, वसईपर्यंत प्रवासी बोटी सुरू व्हायच्या आहेत. कोनच्या डोक्यावरून मेट्रोचीही आखणी आहे. बोटी आधी याव्यात, असं मला वाटतं. रस्त्यावर तासभर थिजणाऱ्या माणसांना पाण्यावरून नेण्याइतकी ताकद खाडीत आजही आहे; फक्त गाळ काढायला हवा आणि वेळापत्रक करणाऱ्याने पंचांग जवळ ठेवायला हवं.

नऊच्या पुढे मी पाण्याच्या कडेला बसलो होतो. वरून जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत येत होते, मोहने-टिटवाळ्याकडची गोड्या पाण्याची जलपर्णी. खारटाला लागली की तिच्या पानांच्या कडा करपतात. एक मोठा पुंजका, मधोमध जांभळं फूल, डोंबिवलीकडे चालला होता. चालता चालता तो मंदावला. पुलाच्या खांबाच्या सावलीत येऊन उभा राहिला, जागच्या जागी अर्धी गिरकी घेतली. काठावर होडीला डांबर लावत बसलेल्या काकांनी हातातलं काम थांबवलं. मला वाटलं, ते माझ्याकडे बघताहेत. ते फुलाकडे बघत होते.

“परतलं,” ते म्हणाले. “दादा, मांगं सरा आता.”

फूल दुर्गाडीच्या दिशेने सरकू लागलं होतं. चिखलावरचे निवटे एकेक करून वर चढत होते. मी उठून दोन पायऱ्या वर जाऊन बसलो. काकांनी डांबराचा डबा उचलला, होडीची दोरी सैल केली आणि पुन्हा बांधली, या वेळी वरच्या खुंटाला.

“दुपारी बगा,” ते म्हणाले, “तुमी बसलाव ती पायरीबी दिसाची नाय.”