तेरा आणि अठरा

बेळगावात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून वाद होतात, हे इथल्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. आमच्या वडगावातल्या घरात वाद व्हायचा तो संध्याकाळी सात वाजता, रिमोटवरून. सातला आजीची मराठी मालिका आणि सातलाच वहिनीची कन्नड मालिका. टीव्ही एकच, सोप्यात.

वहिनी गोकाककडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी समजायचं, बोलायला जमायचं नाही. आजीला कन्नड बाजारापुरतं येतं, म्हणजे भाजीचा भाव पाडण्याइतकं. 2019 पासून चॅनेलं एकेक निवडून घेता येतात. आमच्याकडच्या तयार पॅकमध्ये कन्नड चॅनेलं आधीच असतात. मराठी आम्ही निवडून, वेगळे पैसे भरून घेतो. त्यामुळे आजीचं म्हणणं ठरलेलं असे, "माझी मालिका विकतची हाय, आधी ती लागायची." वहिनी काही न बोलता स्वयंपाकघरात जायची.

मागच्या दिवाळीनंतर आजीचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिची कॉट माजघरात आली. दादानं माडीवर नवा टीव्ही घेतला, जुना आजीच्या कॉटसमोर ठेवला. आता दोन टीव्हींना दोन बॉक्स हवे. दुसरा बॉक्स घेतला, पण बसवणाऱ्या माणसानं फोनवर जी यादी सांगितली ती ऐकून दादाचा चेहरा उतरला. वरचा एलएनबी बदलायचा, नवी केबल ओढायची, शिवाय मजुरी.

मी म्हणालो, "त्याला कशाला बोलावतोस? मी करतो की. फिजिक्स उगाच घेतलंय काय?"

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितोय.

रविवारी सकाळी मी गच्चीवर चढलो. आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरच्या डिश तुम्ही कधी नीट बघितल्यात काय? सगळ्या जवळपास एकाच दिशेला तोंड करून असतात, दक्षिण आणि आग्नेयेच्या मधे कुठंतरी. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी थांबल्यासारखा असतो आणि डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही. डिशला मी हात लावणार नव्हतो. ती दोन बोटं सरकली तरी चित्र जातं, एवढं मला ठाऊक होतं.

केबल ओढायचं काम मात्र मी खरंच चांगलं केलं, हे सांगायला हवं. आरजी-6 केबल घेतली, मधली तार तांब्याची बघून. माजघराची भिंत जुनी, हातभर जाड, दगडामातीची. भोक पाडताना ड्रिल आतून बाहेर उतरतं धरलं, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून घरात येत नाही. भोकाच्या आधी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. बेळगावच्या पावसात हे न करणाऱ्याच्या भिंतीवर जुलैत नकाशे उमटतात. पिन लावताना वरची जाळी मागे दुमडून घेतली, तिचा एक केससुद्धा मधल्या तारेला लागू दिला नाही. लागला तर शॉर्ट होतं. बाबा खाली उभे राहून बघत होते. त्यांनी पंचवीस वर्षं पॉवरलूमच्या मोटारी दुरुस्त केल्यात. ते फक्त म्हणाले, "हात साफ हाय तुझा."

चुकलं ते पुढे. एलएनबी बदलायचे पैसे वाचवायला मी बाजारातून स्प्लिटर आणला. एक केबल आत, दोन बाहेर. नळाला जसा दुहेरी कॉक लावतात तसा. संध्याकाळी खाली चित्र, वर चित्र. आजीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वहिनीनं वरून हाक मारली, "भावजी, मस्त आलं बघा!" त्या दिवशी मला चहा दोनदा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सातला आजीचा टीव्ही गेला. पडद्यावर "सिग्नल नाही". मी बॉक्स बंद-चालू केला, पिन घट्ट केली. साडेसातला आपोआप आलं. तिसऱ्या दिवशी परत सातला गेलं, साडेसातला आलं.

आजी अडाणी नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं धागा पकडला. "वर तिची मालिका लागली की माझी जाती. तीच कायतरी करती बघ."

वहिनी खाली आली. "आजी, मी काय केलो? मी नुसतं माझं चॅनेल लावलो."

"मग माझंच कसं जातं?"

याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बघतो."

चौथ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, बाबांचा मीटर घेऊन मी गच्चीवर गेलो. स्प्लिटरपाशी दोन्ही केबली सोडवल्या आणि एकेका केबलवर व्होल्ट बघितले. आजीच्या चॅनेलवर बॉक्स ठेवला होता त्या केबलवर तेरा. वहिनीच्या चॅनेलवर ठेवला होता त्या केबलवर अठरा.

तिथेच पायरीवर बसलो. हे मी शिकलेलो होतो. केबलमधून सिग्नल खाली येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच केबलमधून बॉक्स वर वीजही पाठवतो. त्या विजेवर एलएनबी चालतो, आणि किती व्होल्ट आले यावरून त्याला कळतं की कुठल्या लहरी घ्यायच्या. तेरा आले तर उभ्या लहरी, अठरा आले तर आडव्या. आमच्या डिशवर काही चॅनेलं उभ्या लहरींवर येतात, काही आडव्या. साध्या एलएनबीला एका वेळी एकच जमतं. स्प्लिटरमधून दोन्ही वीज वर गेल्या की जास्तीची जिंकते. म्हणजे सातला वहिनीचे अठरा वर गेले की एलएनबी आडव्या लहरींकडे वळायचा आणि आजीच्या तेराला कुणी विचारायचं नाही. ध्रुवीकरणाचा प्रयोग मी दुसऱ्या वर्षी केलाय. जर्नलमध्ये सरांची सही आहे.

वहिनीनं काही केलं नव्हतं. मी केलं होतं.

खाली उतरून हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी सांगितलं नाही. आधी म्हटलं, उद्या नवा एलएनबी आणतो, मग सांगतो. पण महिनाअखेर होती. दोन तोंडांचा एलएनबी साडेचारशेला, आणि दादाकडे मागायचे तर आधी चूक कबूल करायला हवी. मग म्हटलं, इंटर्नल होऊ देत. मग म्हटलं, आजी विसरेल.

आजी विसरली नाही, पण वहिनीनं मार्ग काढला. तिनं सातला टीव्ही लावायचंच सोडून दिलं. माडीवरचा बॉक्स मेन स्विचपासून बंद करून ती स्वयंपाकघरात बसायची, शेंगा सोलत. आजीची मालिका निर्वेध चालायची. आजी म्हणायची, "बघ, आता कसं चाललंय!" म्हणजे आरोप सिद्धच झाला. मी समोर बसून वही उघडून असायचो. सात ते साडेसात एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी वहिनीचा भाऊ आला, गोकाकचा करदंट घेऊन. जेवताना आजी हसत हसत त्याला म्हणाली, "तुमची बहीण गुणाची हाय, पण मला मालिका बघू देत नव्हती. आता सुधारली." तो हसला. पाहुणा माणूस, काय करेल? वहिनी हसली नाही. तिनं आजीच्या ताटात वाकून आमटी वाढली, आणि तिचा हात किंचित हलला ते मी बघितलं.

पाहुणा असताना माझी जीभ उचलली नाही, हेही लिहून ठेवतो. तो संध्याकाळच्या बसनं गेला. मग मी माजघरात गेलो. वहिनी आजीला गोळ्या देत होती. मी म्हणालो, "आजी, वहिनीनं काही केलेलं नाही. जोडणी मी चुकीची केली. मला आठवडाभर आधी कळलं होतं."

दोघीही गप्प. मग मी तेरा-अठरा समजावून सांगायला लागलो. आजीनं हात वर केला. "ते व्होल्ट राहू दे. आठवडाभर आधी कळलं होतं म्हणालास?"

"हो."

"आणि पोरगी स्वयंपाकघरात बसलेली दिसत नव्हती तुला?"

मला उत्तर देता आलं नाही. मी वहिनीकडे वळलो. "वहिनी, चुकलं माझं."

ती म्हणाली, "इरली बिड्री, भावजी." राहू दे, सोडा. मोठ्या मनानं म्हणाली, पण लगेच नाही. आधी तिनं गोळ्यांचं पाकीट नीट घडी करून डब्यात ठेवलं, झाकण लावलं, मग म्हणाली. तेवढा वेळ मला अजून आठवतो.

आजीनं माफी वगैरे मागितली नाही. त्या पिढीला ते जमत नाही. दुसऱ्या दिवशी सातच्या आधी तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, "तिला सांग, आज तिची लाव म्हणावं. माझी मालिका काय पळून जात नाही." एलएनबी येईपर्यंत चार दिवस त्यांनी वाटून घेतले, एक दिवस हिची, एक दिवस तिची.

दादानं पैसे दिले, वर दोन शब्दही दिले, आणि ते मी मुकाट्यानं घेतले. दोन तोंडांच्या एलएनबीत प्रत्येक बॉक्सला स्वतःची वाट असते. एकीकडून तेरा येवोत, दुसरीकडून अठरा, कुणाचं कुणाला आडवं येत नाही. दुसरी केबल गच्चीपर्यंत नेली, एलएनबी आधी जसा होता त्याच कोनात बसवला, दोन्ही पिनांवर पाणी जाऊ नये म्हणून टेप गुंडाळली. बाबा खालून टीव्हीवरची सिग्नलची पट्टी बघून ओरडत होते, "थोडं उजवीकडं... बस, बस!" सातला दोन्ही मालिका लागल्या. या वेळी कुणी डोक्यावरून हात फिरवला नाही आणि मीही वाट बघितली नाही.

आता दादा म्हणतो, स्वयंपाकघरात एक छोटा टीव्ही लावू. परवा जेवताना त्यानं विचारलं, "एक वायर ओढलीस की झालं न्हवं?"

सगळे बसलेले होते. मी घास खाली ठेवला. "नाही होणार. या एलएनबीला दोनच तोंडं आहेत. तिसऱ्यासाठी चार तोंडांचा घ्यावा लागेल, वर आणखी एक बॉक्स. पैसे लागतील."

वहिनी आमटी वाढत होती. ती म्हणाली, "या वेळी आधी सांगितलं बघा."

आजी हसली. मीही हसलो, जरा उशिरा.